पहाटेचं फिरणं, कोवळं ऊन आणि खराब हवा: हाडं जपायची तर आधी वेळा बदला

"पहाटे उठून फिरायला जा, येताना कोवळं ऊन अंगावर घ्या, हाडं मजबूत राहतील." चाळिशी ओलांडलेल्या कोणालाही हा सल्ला एकदा तरी मिळालेला असतो. खेड्यातल्या स्वच्छ हवेत त्याने फारसं बिघडत नाही. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मुंबई, पुणे, नागपूर किंवा चंद्रपुरात तो दोन्हीकडून फसतो. त्या दिवसांत पहाटेची हवा बहुतेक वेळा खूपच वाईट असते आणि कोवळ्या उन्हात हाडांना लागणारं ड जीवनसत्त्व जवळजवळ तयारच होत नाही. म्हणजे धूर आत घ्यायचा आणि ज्याच्यासाठी घराबाहेर पडलो ते मिळवायचंच नाही.

प्रदूषण म्हटलं की खोकला, दमा, फार तर हृदय इथपर्यंत आपण जातो. हाडांचा विचार कोणी करत नाही. म्हणून पायऱ्यांकडे वळण्याआधी हवेचा आणि हाडांचा संबंध काय ते पाहू, नाहीतर पुढच्या सूचना नुसत्या पाळायच्या म्हणून पाळल्या जातील.

हवा हाडापर्यंत पोचते कशी

हैदराबादच्या आसपासच्या २८ गावांतल्या ३,७१७ जणांच्या हाडांची तपासणी करून ती त्यांच्या गावच्या हवेशी ताडून पाहिली गेली. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ही माणसं म्हातारी नव्हती, सरासरी वय पस्तिशीच्या आसपास होतं. ज्या गावात पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म धूलिकण जास्त, तिथल्या लोकांच्या कमरेच्या मणक्यात आणि खुब्यात खनिजाचं प्रमाण कमी आढळलं. मला यातला सगळ्यात अस्वस्थ करणारा आकडा वेगळाच वाटतो. त्या गावांतलं पीएम २.५ चं वार्षिक प्रमाण सरासरी ३२.८ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर होतं आणि भारताची अधिकृत वार्षिक मर्यादा आहे ४०. कागदावर 'मर्यादेत' असलेल्या हवेतच हा फरक दिसला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेली मर्यादा फक्त ५ आहे.

त्याआधी २०१७ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या ६५ वर्षांवरच्या सुमारे ९२ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. जिथे पीएम २.५ जास्त, तिथे ठिसूळ हाड मोडून रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाणही जास्त निघालं. २०२३ मध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या ९,०४१ अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास आला. त्यात गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मणक्याला विशेष बाधतात असं दिसलं.

या अभ्यासांत माणसांचं आणि हवेचं निरीक्षण केलेलं आहे. कोणाला मुद्दाम धुरात ठेवून प्रयोग केलेला नाही, त्यामुळे 'हवेनेच हाड मोडलं' असं छातीठोकपणे सांगता येत नाही. वय, रजोनिवृत्ती, आनुवंशिकता, आहार, तंबाखू यांचा वाटा मोठाच आहे. हवा त्यात भर घालते. पण ही भर वर्षानुवर्षं, रोज आणि सगळ्यांच्याच अंगी पडत असते.

भर कशी पडते याचे चार रस्ते सांगितले जातात. पहिला दाहाचा. अतिसूक्ष्म कण फुफ्फुसात खोलवर जातात, शरीर त्यांच्याशी लढायला दाह निर्माण करणारी रसायनं रक्तात सोडतं आणि हीच रसायनं हाड खाणाऱ्या पेशींना चेतवतात. हाड ही जिवंत गोष्ट आहे, त्यात मोडतोड आणि बांधकाम सतत चालू असतं. मोडतोडीचा वेग वाढला आणि बांधकाम तेवढंच राहिलं की हाड विरळ होतं.

दुसरा रस्ता उन्हाचा, तो सगळ्यात जुना. इंग्लंडच्या गिरण्यांच्या धुरकट शहरांत पाय वाकलेली, मुडदूस झालेली मुलं गल्लोगल्ली दिसत. जपानमध्ये काम केलेल्या थिओबाल्ड पाम या डॉक्टरने १८९० मध्येच लिहिलं होतं की जिथे ऊन मुबलक तिथे हा आजार नाही आणि जिथे धुराने आकाश झाकलेलं तिथे तो भरपूर आहे. शंभरेक वर्षांनी आपल्याकडे दिल्लीत तेच पुन्हा दिसलं. २००२ मध्ये आलेल्या एका छोट्या अभ्यासात मोरी गेटजवळच्या प्रदूषित वस्तीतल्या तान्ह्या आणि रांगत्या-चालत्या मुलांच्या रक्तातलं ड जीवनसत्त्व मिलिलिटरला सरासरी १२.४ नॅनोग्रॅम होतं. शहराच्या कडेच्या, तेव्हा स्वच्छ असलेल्या गुडगावच्या मुलांत ते २७.१ होतं. शहर तेच म्हणावं इतकं जवळ, पण आकाश वेगळं.

तिसरा रस्ता शिशासारख्या जड धातूंचा आणि चौथा आजारपणाचा: दमा वाढतो, स्टिरॉइड घ्यावं लागतं, माणूस घरात बसतो, स्नायू जातात, तोल जातो, पडतो. या दोन्हींकडे पुढे येतोच.

पायरी १: आपल्या हवेच्या वेळा ओळखा

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' नावाचं मोफत ॲप आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने उभारलेली 'सफर' सेवाही आहे. यांपैकी काहीही उघडा आणि आपल्या सर्वांत जवळचं केंद्र शोधा.

लोक तिथे एकच आकडा बघतात, एक्यूआय म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक किती. आपल्याकडचा अधिकृत एक्यूआय धूलिकणांसाठी २४ तासांची सरासरी घेऊन काढतात. त्यामुळे 'आत्ता बाहेर पडू का' या प्रश्नाचं उत्तर त्यात नसतं. पीएम २.५ चा तासातासाचा आलेख बघा. आठवडाभर सकाळी सहा, सकाळी अकरा, दुपारी चार आणि रात्री नऊ या वेळांचे आकडे कॅलेंडरवरच पेन्सिलीने लिहून ठेवा. हिवाळ्यात बहुतेक शहरांत सकाळी सहाचा आणि रात्री नऊचा आकडा चढलेला आणि दुपारचा उतरलेला दिसेल.

कारण सोपं आहे. थंडीत रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होऊन खालीच बसते आणि वर उबदार हवेचं झाकण पडतं. शाळेच्या भूगोलात याला तापमानाची विपरीतता म्हणत. रात्रभर गाड्यांचा, शेकोट्यांचा, पेटवलेल्या कचऱ्याचा धूर त्याखाली कोंडतो. सूर्य वर आला, जमीन तापली की झाकण उठतं आणि धूर वर निघून जातो. मुंबईत दुपारी खारे वारे सुटतात तेव्हाही हवा हलते. पहाटे पाच-साडेपाचला मैदानात गोल फेऱ्या मारणारी मंडळी हे झाकण उठायच्या आधीच जोरजोरात श्वास घेत असतात.

एक्यूआयच्या शब्दांवरही जाऊ नका. आपल्या मोजपट्टीत पीएम २.५ चं प्रमाण ६० पर्यंत असेल तर हवा 'समाधानकारक' ठरते. जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची मर्यादा १५ आहे. समाधान कोणाचं, हा प्रश्न तुम्हीच विचारा.

पायरी २: उन्हाची वेळ बदला

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तिला पैसा लागत नाही.

त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करतात ते अतिनील ब किरण. सूर्य खाली असताना त्यांना वातावरणाचा तिरपा, लांब रस्ता कापावा लागतो आणि ते वाटेतच शोषले जातात. म्हणून कोवळं ऊन सुखद असतं, पण या कामासाठी कुचकामी. आता त्यात धुरकं मिसळा. कणांवर आपटून किरणं आणखी विखुरतात. जमिनीलगतचा ओझोनही तेच किरण शोषतो. ब्रुसेल्सच्या शहरी आणि आसपासच्या ग्रामीण स्त्रियांची तुलना केलेल्या अभ्यासात, जास्त ओझोनच्या शहरात राहणाऱ्या स्त्रियांत ड जीवनसत्त्वाची कमतरता जास्त निघाली होती.

घड्याळापेक्षा सावली बघा. मोकळ्या जागी ताठ उभं राहा. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कामाचं आहे. लांब असेल तर फार हाती लागणार नाही.

आता हे महिन्यांवर बसवू. डिसेंबरच्या अखेरीस मुंबई-पुण्यात सावली उंचीपेक्षा आखूड होते ती साधारण साडेअकरा ते दीड एवढ्याच वेळात. चंद्रपूर पूर्वेला असल्यामुळे तिकडे साधारण सव्वाअकरा ते एक. म्हणजे हिवाळ्यात उन्हाची वेळ आणि हवा सुधारण्याची वेळ एकच येते, उशिराची सकाळ ते दुपार. मे महिन्यात गणित पूर्ण बदलतं. तेव्हा चंद्रपुरात नऊच्या सुमारास आणि मुंबईत साडेनऊच्या आसपासच सावली आखूड झालेली असते. ४५ अंशांच्या वर पारा जाणाऱ्या चंद्रपुरात मे महिन्यात कोणी भर दुपारी गच्चीवर उभं राहू नये, नऊला वीस मिनिटं पुरे.

किती वेळ? आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो. हिवाळ्यात आठवड्यातून तीन-चार दिवस, अर्धा तास, कोपरापर्यंत हात आणि गुडघ्याखालचे पाय उघडे ठेवून. चेहऱ्यावर टोपी किंवा पदर चालेल, चेहऱ्याचं क्षेत्रफळ तसंही थोडंच. बंद काचेमागे बसून मात्र काही मिळत नाही, साधी खिडकीची काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. उन्हात काचा लावलेल्या बाल्कनीत आरामखुर्ची टाकून बसणाऱ्या आजोबांना ऊब मिळते, जीवनसत्त्व नाही. काच सरकवा.

नोकरीवाल्यांनी जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास कँटीनच्या आत घालवण्याऐवजी कार्यालयाच्या गच्चीवर घालवावा. गच्ची रस्त्याच्या कडेपेक्षा बरी, कारण गाड्यांचा धूर रस्त्यालगत सगळ्यात दाट असतो. फिरायला जाणाऱ्यांनी थंडीत वेळ सकाळी दहानंतर किंवा संध्याकाळी साडेचार-पाचला ठेवावी. गृहिणींची खरी अडचण मला ठाऊक आहे: साडेअकराला पोळ्या चालू असतात. मग निदान शेंगा सोलणं, मेथी निवडणं, धान्य पाखडणं गच्चीवर किंवा अंगणात हलवा. आपल्या आज्या हेच करत होत्या, फक्त त्याला नाव नव्हतं.

ज्यांना त्वचेचा आजार आहे किंवा ऊन वर्ज्य सांगितलं आहे, त्यांनी ही पायरी सोडून थेट पुढच्या पायरीवर जावं.

पायरी ३: मोजून घ्या, पण नीट मोजा

ड जीवनसत्त्वाची तपासणी सांगताना '२५ हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी' असं सांगा. अहवालात २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर बहुतेक डॉक्टर कमतरता धरतात, २० ते ३० मध्ये अपुरं. कमतरता निघाली तर ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्याला एक, अशी ठरावीक आठवडे दिली जाते. घोटाळा इथून पुढे होतो. आठ आठवडे संपतात, पण चिठ्ठी तीच राहते आणि मेडिकलमधून पुड्या येतच राहतात. कोणी 'आठवड्याला एक' ऐवजी 'रोज एक' असं ऐकतं. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं. जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडाला इजा होते. कोर्स संपण्याची तारीख पाकिटावरच लिहून ठेवा.

हाडाची घनता मोजायची खरी तपासणी म्हणजे डेक्सा. कमरेचा मणका आणि खुबा यांचं स्कॅन, दहा-पंधरा मिनिटांचं काम, छातीच्या एक्स-रेइतकाही किरणोत्सर्ग नाही. अहवालातला टी-स्कोअर उणे १ किंवा त्याहून वर असेल तर सामान्य, उणे १ ते उणे २.५ म्हणजे हाड विरळ होऊ लागलंय, उणे २.५ किंवा खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. सोसायटीच्या हॉलमध्ये 'मोफत हाड तपासणी शिबिर' भरतं, तिथे मोजा काढून टाच यंत्रात ठेवायला सांगतात, टाचेला जेल लावतात आणि मिनिटाभरात लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांचा कागद हातात देतात. ती टाचेची अल्ट्रासाउंड चाचणी. तिच्यावरून औषध चालू करू नका आणि हिरवं आलं म्हणून निर्धास्तही होऊ नका. शेजारच्या टेबलावर कॅल्शियमच्या गोळ्यांचे डबे मांडलेले असतील तर जास्तच सावध राहा.

डेक्सा कोणी करावी? साधारण ६५ च्या पुढच्या स्त्रिया, ७० च्या पुढचे पुरुष. त्याआधीही, जर साध्या पडण्याने हाड मोडलेलं असेल, पाळी पंचेचाळिशीच्या आतच बंद झाली असेल, आई-वडिलांचा खुबा मोडलेला असेल, वजन फार कमी असेल, किंवा तोंडावाटे स्टिरॉइड तीन महिने किंवा जास्त घ्यावं लागलं असेल. फ्रॅक्चरची शक्यता काढणारं 'फ्रॅक्स' नावाचं कोष्टक डॉक्टर वापरतात, त्यात वय, वजन, धूम्रपान, स्टिरॉइड सगळं विचारतात, पण हवेचा रकाना नाही. वर्षानुवर्षं हमरस्त्याला लागून, खाणीजवळ किंवा औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात राहिला असाल तर ते तोंडी सांगा.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांसाठी एक खास मुद्दा. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड जिल्ह्यांत अनेक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. फ्लोराइडने हाड स्कॅनमध्ये घट्ट दिसतं, पण आतून ठिसूळ होतं. म्हणजे अहवाल चांगला आणि हाड वाईट. हाच फ्लोराइड हवेतूनही येऊ शकतो. चीनच्या गुइझोऊ प्रांतात घरात फ्लोराइडयुक्त कोळसा जाळून त्यावर मका-मिरची वाळवल्याने हजारो लोकांची हाडं वाकली. दात पिवळट-तपकिरी डागाळलेले असतील, पाठ आणि मान ताठ होत असेल तर आधी पाण्याची तपासणी करून घ्या. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेलं पाणी पिण्याजोगं नाही.

आणि एक बिनपैशाची तपासणी: घरातल्या साठीपुढच्या प्रत्येकाची उंची वर्षातून एकदा दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने नोंदवा, मुलांची नोंदवतो तशीच. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटीमीटर किंवा जास्त घट दिसली तर मणका दबल्याची शंका घ्यावी. मणक्याची ही फ्रॅक्चर्स अनेकदा न दुखताच होऊन जातात.

पायरी ४: घरातला धूर आधी बंद करा

बाहेरची हवा आपल्या एकट्याच्या हातात नाही, घरातली बरीचशी आहे. डासांची कॉइल हा पहिला गुन्हेगार. २००३ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार एक कॉइल जळून संपताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ कण सोडते. ती खिडक्या लावून, रात्रभर, उशाशी! मच्छरदाणी आणि खिडकीला जाळी हेच उत्तर. उदबत्ती-धूप घालायचाच तर खिडकी उघडी ठेवून, आणि एक पुरे, जुडगा नको. फोडणीआधी एक्झॉस्ट लावा आणि स्वयंपाकानंतर दहा मिनिटं चालू ठेवा. कोरड्या झाडूने धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. चंद्रपुरात कोळशाच्या रस्त्याकडेला राहणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. तिथे सकाळी पुसलेल्या खिडकीच्या चौकटीवर संध्याकाळी बोट फिरवलं तर टोक काळं होतं.

खिडक्या दुपारी उघडा, पहाटे आणि रात्री बंद. आपण नेमकं उलट करतो.

चुलीबद्दल प्रामाणिकपणे सांगायला हवं. हैदराबादजवळच्या त्या अभ्यासात लाकूड-गोवऱ्यांवर स्वयंपाक करण्याचा आणि हाडांच्या खनिजाचा थेट संबंध आढळला नाही. तरी चुलीच्या धुराने फुफ्फुसं जातात यात शंका नाही आणि फुफ्फुसांमागून स्टिरॉइड येतं. त्यामुळे गॅस असेल तर तोच वापरा, चूल अंघोळीच्या पाण्यापुरतीही अंगणात हलवा.

एअर प्युरिफायर? घरात दम्याचा रुग्ण किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर त्यांच्या खोलीपुरता घ्यावा. १० बाय १२ फुटांच्या, दहा फूट उंच खोलीला ताशी १७० घनमीटर स्वच्छ हवा देणारं यंत्र लागतं, खोक्यावर 'सीएडीआर' म्हणून लिहिलेला आकडा तो. हेपा फिल्टर हवा, 'आयोनायझर' असं नुसतं लिहिलेलं असेल तर सोडून द्या. बाकीच्यांनी ते पैसे दूध, अंडी आणि नाचणीवर घालवले तर हाडांना जास्त लाभ होईल, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाहेर वाईट दिवशी जावंच लागलं तर एन-९५ मास्क, नाकाला घट्ट बसलेला. ओढणी आणि रुमालाने धूळ अडते, अतिसूक्ष्म कण नाही.

पायरी ५: ताट

प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, रजोनिवृत्तीनंतर १२००. दूध-दह्यातून १०० ग्रॅमला १२० च्या आसपास मिळतं, नाचणीच्या १०० ग्रॅम पिठातून साडेतीनशेच्या आसपास. न सोललेल्या तिळात तर १०० ग्रॅमला हजाराच्या वर असतं. रोज दोन ग्लास दूध किंवा दोन वाट्या दही, एक नाचणीची भाकरी, दोन चमचे तिळाची चटणी, शेवग्याचा किंवा राजगिऱ्याचा पाला, कोकणात काट्यासकट खाल्ले जाणारे सुके मासे: एवढ्यात हिशेब बसतो. ताकाला मात्र दह्याइतकं मोजू नका, आपल्याकडे ताक म्हणजे पांढरं पाणी असतं. बरोबर प्रथिनंही हवीत, हाडाचा सांगाडा प्रथिनांचाच असतो. उसळ, डाळ, अंडं रोज.

गोळी घ्यायची असेल तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमहून जास्त नको, शोषली जात नाही. लोहाच्या आणि थायरॉइडच्या गोळीबरोबर घेऊ नका, थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर ठेवा.

आता शिसं. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. त्याआधी शहरात वाढलेल्या माणसांनी ते हवेतून घेतलं आणि शरीराने ते कॅल्शियम समजून हाडात साठवलं. प्रौढ शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं हाडात-दातांत असतं आणि तिथे दशकानुदशकं राहतं. गर्भारपणात, बाळाला पाजताना आणि रजोनिवृत्तीनंतर हाड झिजू लागतं तेव्हा ते पुन्हा रक्तात उतरतं. १९७०-८० च्या दशकात मुंबई-पुण्यात वाढलेल्या मुली आज नेमक्या त्या वयात आहेत. म्हणून पंचेचाळिशीनंतर कॅल्शियम पोटातून कमी पडू न देणं हे त्यांच्यासाठी दुहेरी महत्त्वाचं. गर्भवतींनीही तेच.

पायरी ६: हाडाला भार द्या

हाड भारावर वाढतं. वाईट हवेच्या दिवशी व्यायाम बंद करायचा नाही, आत आणायचा. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा, ओट्याला धरून टाचा उचलणं, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या उचलणं, धुणं वाळत घालता घालता एका पायावर उभं राहणं. आठवड्यातून तीन दिवस. पोहणं आणि सायकल हृदयाला चांगले, पण हाडाला भार कमीच देतात. ज्यांचा मणका आधीच दबला आहे त्यांनी पुढे वाकायची आसनं, पश्चिमोत्तानासन वगैरे, टाळावीत.

मुलांच्या बाबतीत तर घरात कोंडणं हा उपाय नाहीच. हाडाची बहुतेक बांधणी विशीच्या आतच होते. शाळांनी मैदानाचा तास थंडीत पहिल्या तासाऐवजी मधल्या सुट्टीच्या आगेमागे ठेवला तरी बरंच साधेल. पालकसभेत हे मागता येतं.

पायरी ७: दमा आणि स्टिरॉइडचा हिशेब

प्रदूषण वाढलं की दम्याचे झटके वाढतात आणि झटक्याला तोंडावाटे स्टिरॉइडचा कोर्स मिळतो. एखाद्या कोर्सने हाड जात नाही. दर थंडीत तीन-चार कोर्स, वर्षानुवर्षं, हे मात्र हाडाला खातं. रोजचा पंप (इनहेलर) नेमाने घेतला तर झटके कमी येतात आणि गोळ्यांची वेळ टळते. 'पंपाची सवय लागते' म्हणून पंप सोडून गोळ्या घेणारे लोक कमी धोक्याचं टाकून जास्त धोक्याचं पत्करतात. वर्षभरात किती कोर्स झाले ते वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा.

सांधेदुखीवर किंवा दम्यावर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून लांब राहा. दोन दिवसांत जादू झाली, भूक वाढली, चेहरा गोल झाला, तर त्यात स्टिरॉइड असण्याची दाट शक्यता. पण ती एकदम बंदही करू नका, त्याने रक्तदाब कोसळू शकतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. बिडी, सिगारेट, मशेरी याबद्दल नव्याने काय सांगायचं, सोडा.

पायरी ८: पडू नका, आणि तक्रार करा

विरळ हाड बहुतेक वेळा घरातच मोडतं. न्हाणीघराच्या गुळगुळीत फरशीवर खरखरीत रबरी चटई, कमोडशेजारी भिंतीत पक्की दांडी, सरकणारं पायपुसणं हद्दपार, रात्री पलंगापासून न्हाणीघरापर्यंत छोटा दिवा, आणि घरात झिजलेली स्लिपर नको. वर्षातून एकदा डोळे तपासा.

बाहेरच्या धुरासाठी कागद हाताशी ठेवा. उघड्यावर कचरा जाळणं बेकायदा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये त्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी नियमावली काढली, त्यात ७० मीटरपेक्षा उंच इमारतीच्या कामाभोवती किमान ३५ फूट उंच पत्रे, हिरवं ओलं कापड आणि पाण्याचे फवारे सक्तीचे आहेत. तुमच्या शेजारच्या साइटवर पत्रे किती उंच आहेत ते मोजा, तारीख-वेळ दिसेल असा फोटो काढा, प्रभाग कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. सोसायटीच्या नावाने, वीस-पंचवीस सह्यांनी दिलेली तक्रार एकट्याच्या फोनपेक्षा लवकर हलते. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर त्याच पोच क्रमांकाचा हवाला देऊन महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला पत्र टाका.